लोकमान्य टिळक आणि पहिल्या महायुद्धातील सैन्यभरती

बाळ गंगाधर टिळक ऊर्फ लोकमान्य टिळक (जन्म : २३ जुलै १८५६, रत्नागिरी, मृत्यू : १ ऑगस्ट १९२०, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्यचळवळीचे नेते, 'केसरी' व 'मराठा' या वृत्तपत्रांचे संपादक, गणितज्ञ आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक होते. १९१४ ते १९१८ या युद्धकाळात त्यांनी तरुणांना सैन्यात भरती होण्याचा आग्रह केला. त्याच काळात सरकारने त्यांना भरतीच्या परिषदेत बोलू दिले नाही आणि पुढे त्यांच्या जाहीर भाषणांवर बंदी घातली. युद्धाला पाठिंबा देणाऱ्याने प्रत्यक्ष रणांगणावर जावे, हा टोमणा त्या वेळी सरकारी वर्तुळांतून होमरूलवाल्यांना मारला जात असे. टिळकांनी तो स्वीकारला आणि सरकारवरच उलटवला. महात्मा गांधींना त्यांनी पाठवलेला पन्नास हजार रुपयांचा धनादेश हा या उलटतपासणीचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय.

प्रारंभीचे जीवन

टिळकांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते. त्यांची बदली झाल्यामुळे १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. डेक्कन महाविद्यालयातील पहिल्या वर्षी टिळकांनी अभ्यास बाजूस ठेवून व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांवर भर दिला व प्रकृती सुधारून घेतली. पुढे गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि १८७९ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. विष्णुशास्त्री चिपळूणकर व गोपाळ गणेश आगरकर यांच्या सहकार्याने १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले.

टिळकांच्या लेखणीतील उपरोध हा शिवराम महादेव परांजपे यांच्या उपरोधाहून वेगळा होता. परांजपे यांच्या 'काळ' पत्रात वक्रोक्ती वळणे घेत जाई, तर टिळक सरकारचेच वचन, सरकारचाच कायदा आणि सरकारचेच आकडे पुढे ठेवून त्यांतील विसंगती उघडी करीत. रँडच्या खुनानंतर पुण्यात दडपशाही सुरू झाली, तेव्हा सरकारचे डोके ठिकाणावर आहे का, असा प्रश्न त्यांनी अग्रलेखाच्या मथळ्यातूनच विचारला होता. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल त्यांना अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

भीमथडी, सुपे आणि लष्करी नोकरी

सैन्यभरतीचा प्रश्न पुण्याच्या पेठांत चर्चिला जात असला तरी भरती होणारा माणूस बहुधा पेठेतला नसे. तो पुरंदर, भीमथडी, इंदापूर अशा अवर्षणप्रवण तालुक्यांतून, साताऱ्यातून आणि कोकणातून येई. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. शहाजीराजांच्या जहागिरीचा उल्लेख पुणे व सुपे अशा जोडनावाने होतो. भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. पेशवाई संपल्यावर शिलेदारीचा हा आधार तुटला आणि कुटुंबातील जादा माणसांचा भार शेतीवर पडला.

त्याचा परिणाम १८७५ मध्ये दिसला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते. सारा वाढला होता आणि शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे व वह्या नष्ट केल्या. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उठावाची ही सुरुवात होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पाऊस मात्र कायद्याने पडत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत शेतकऱ्यांना दुष्काळसंहितेतील तरतुदी समजावून दिल्या व नियमाप्रमाणे मिळणारी साऱ्याची सूट मागण्यास सांगितले. सरकारला ही चिथावणी वाटली, परंतु टिळकांनी नवीन काहीच मागितले नव्हते. सरकारने स्वतः छापलेले नियम त्यांनी गावोगाव पोहोचवले होते. १९१८ मधील त्यांच्या वर्तनाची पद्धत येथेच दिसते.

अशा प्रदेशात शिपायाचा महिना अकरा रुपयांचा पगार हे पलटणीकडे वळण्याचे मोठे कारण होते. मात्र ही वाटही सर्वांना खुली नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात मोठ्या संख्येने असलेल्या महार शिपायांची भरती लढवय्या जातींच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला, तर शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सुप्याच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, सासवड येथे परिषद भरवून हीच मागणी मांडली. युद्धात माणसांची टंचाई भासू लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली.

ज्या जातींना भरती खुली होती त्यांनाही वरची जागा नव्हती. हिंदी माणूस जमादार, सुभेदार आणि फार तर सुभेदार-मेजर होऊ शके. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही तो विलायतेहून नुकत्याच आलेल्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालीच राही. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून लष्करातील वरिष्ठ जागा, लष्करी महाविद्यालये आणि शस्त्रबंदीच्या कायद्यातील सवलती यांसाठी ठराव केले होते. त्यांचा उपयोग झाला नव्हता.

युद्धाचा प्रारंभ

मंडालेचा कारावास भोगून टिळक जून १९१४ मध्ये पुण्यास परतले. त्यांच्या वाड्यावर पोलिसांची नजर होती आणि भेटीस येणाऱ्यांची नावे टिपली जात. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. त्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी 'मराठा' पत्रातून जाहीर निवेदन करून संकटकाळी सरकारला साहाय्य करणे हे हिंदी लोकांचे कर्तव्य असल्याचे म्हटले. सहा वर्षे हद्दपार राहिलेल्या माणसाचे हे निवेदन अनेकांना अनपेक्षित वाटले. त्यांच्या काही चाहत्यांना ते रुचले नाही, तर सरकारने त्यावर विश्वास ठेवला नाही.

टिळकांचा हिशोब सरळ होता. इंग्लंड हे युद्ध लहान राष्ट्रांच्या स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचे सांगत होते. ते खरे मानून मदत करायची आणि मग त्याच तत्त्वाने हिंदुस्थानचा हक्क मागायचा, असा त्यांचा विचार होता. दुसरी बाजू व्यावहारिक होती. शस्त्रबंदीमुळे दोन पिढ्या हत्याराला हात न लावलेल्या समाजाला लष्करी शिक्षण मिळण्याची ही संधी होती. ही दुसरी बाजू सरकारच्याही ध्यानात आलेली होती आणि त्यांच्या राजनिष्ठेविषयीच्या संशयाचे ते एक कारण होते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. याच महिन्यात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तिच्यात मराठा पलटणींचे शिपाई होते. त्यांतील अनेकांचा पुढे कैदेत मृत्यू झाला. जुलैमध्ये टिळकांच्या साठाव्या वाढदिवशीच त्यांच्या भाषणांबद्दल जामिनाची नोटीस त्यांच्या हाती पडली. बॅरिस्टर जिना यांनी उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला.

संरक्षण दल

१९१७ च्या आरंभी सरकारने भारतीय संरक्षण दलाचा कायदा केला. सोळा ते पन्नास वयाच्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांना त्यात सक्ती होती, हिंदी लोकांसाठी ते ऐच्छिक होते. टिळकांनी पुण्यात सभा घेऊन तरुणांना नावे नोंदविण्याचे आवाहन केले. वय आणि पांढरे केस आड येत नसतील तर आपणही रणांगणावर उभे राहू, असे त्यांनी सांगितले. तेव्हा ते साठ वर्षांचे व मधुमेहाने त्रस्त होते. या बोलण्यात थोडी थट्टा होती, पण तिचा रोख स्वतःकडे नव्हता. स्वराज्याच्या सभांना गर्दी करणारे आणि युद्धाचे नकाशे भिंतीवर लावून चर्चा करणारे सुशिक्षित तरुण त्या बोलण्याचे लक्ष्य होते. स्वराज्य हवे असेल तर त्याच्या रक्षणाची तयारी दाखवा, हा त्यातील आशय होता.

याच सुमारास, फेब्रुवारी १९१७ मध्ये, टिळक व बिपिनचंद्र पाल यांना पंजाब व दिल्लीत प्रवेशबंदी करण्यात आली. पंजाब हा भरतीचा सर्वांत मोठा प्रांत होता. भरतीचा पुरस्कार करणाऱ्या पुढाऱ्याला भरतीच्या प्रांतात येऊ न देण्याची ही विसंगती वृत्तपत्रांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नाही.

संरक्षण दलाला सुशिक्षितांचा प्रतिसाद बेताचाच मिळाला. युरोपीय आणि हिंदी तुकड्यांतील भेदभाव हे त्याचे एक कारण होते. पण ते एकमेव कारण होते असे म्हणता येत नाही. सत्यशोधक व ब्राह्मणेतर वर्तुळांतून होमरूलवाल्यांवर होणारी टीका या ठिकाणी बिनतोड ठरते. हक्क मागणारे एक आणि पलटणीत जाणारे दुसरे, असा हा भेद होता. कोल्हापूरचे शाहू महाराज भरतीस सक्रिय साहाय्य करीत होते आणि टिळकांच्या स्वराज्याच्या मागणीस त्यांचा विरोध होता.

टिळकांच्या स्वतःच्या वर्तनातही अशी एक जागा सापडते. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरवलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध प्रभावी भाषण केले. मात्र दैनंदिन व्यवहारात अस्पृश्यता न पाळण्याच्या वैयक्तिक प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. बोलण्याप्रमाणे कृती करा, असे इतरांना सांगणाऱ्या नेत्याच्या चरित्रातील ही त्रुटी चरित्रकारांनी नोंदवलेली आहे.

दिल्ली व मुंबई येथील युद्धपरिषदा

१९१८ च्या वसंतात जर्मनीने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली आणि ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानकडे आणखी माणसे मागितली. व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी एप्रिलच्या अखेरीस दिल्लीत युद्धपरिषद बोलावली. टिळकांना निमंत्रण नव्हते. थोड्याच दिवसांपूर्वी होमरूलच्या प्रचारासाठी विलायतेस निघालेल्या टिळकांच्या शिष्टमंडळाची पारपत्रे कोलंबो येथे रद्द करण्यात आली होती. टिळक, ॲनी बेझंट आणि अली बंधू यांना वगळल्याबद्दल गांधींनी नापसंती कळवली, तरी परिषदेस ते हजर राहिले व भरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीतून पाठिंबा दिला. पुढील वर्षभरात पाच लक्ष नवे सैनिक मिळवण्याचे उद्दिष्ट ठरले.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये प्रांतिक युद्धपरिषद भरली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन अध्यक्ष होते. या वेळी टिळकांना व होमरूल लीगच्या काही सभासदांना बोलावले होते. पण प्रारंभीच्या भाषणातच विलिंग्डन यांनी लीगच्या मदतीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका व्यक्त केली. निमंत्रित पाहुण्यांचा असा उघड अपमान सभेतील अनेकांना खटकला. राजनिष्ठेच्या ठरावावर दुरुस्ती मांडण्यास टिळकांना परवानगी मिळाली नाही. ते बोलायला उभे राहिले, बादशहाविषयी निष्ठा व्यक्त केली आणि देशाचे संरक्षण व देशाचा कारभार या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, हा मुद्दा सुरू केला. त्याच क्षणी विलिंग्डन यांनी राजकीय चर्चा चालणार नाही म्हणून त्यांना थांबवले. टिळक व्यासपीठावरून उतरून सभागृहाबाहेर पडले. पाठोपाठ नरसिंह चिंतामण केळकर यांनाही अडवण्यात आले आणि तेही निघाले. हॉर्निमन, जमनादास द्वारकादास व बोमनजी यांनीही सभात्याग केला.

दोनच मिनिटांच्या या भाषणाचे पडसाद पुढे कित्येक आठवडे उमटत राहिले. १६ जूनला मुंबईत निषेधाची सभा झाली व तिचे अध्यक्षपद गांधींनी स्वीकारले.

पन्नास हजारांचा धनादेश

भरतीला पाठिंबा देण्याबाबत गांधी आणि टिळक एकमताचे होते. मतभेद होता तो अटीचा. गांधींच्या मते संकटात दिलेली मदत निरपेक्ष असावी, हक्क तिच्यामागून येतील. टिळकांच्या मते हक्काचा शब्द आधी घ्यावा, कारण युद्ध संपल्यावर तो देण्याची निकड सरकारला राहणार नाही.

हा वाद टिळकांनी लेख लिहून चालवला नाही. हिंदी तरुणांना लष्करात अधिकाऱ्याचा दर्जा मिळेल असे वचन सरकारकडून आणावे, म्हणजे आपण महाराष्ट्रातून पाच हजार सैनिक देऊ, असे त्यांनी गांधींना कळवले. आपण कमी पडलो तर जप्त व्हावा, अशा हमीसाठी त्यांनी सोबत पन्नास हजार रुपयांचा धनादेश जोडला. शिपायाच्या मासिक पगाराशी तुलना केली तर रकमेचा आकार लक्षात येतो. पाच हजार शिपायांना जवळजवळ महिनाभर पुरेल एवढा तो पैसा होता. होमरूलवाले नुसते बोलतात, माणसे देत नाहीत, हा सरकारचा आरोप होता. त्याला उत्तर म्हणून टिळकांनी माणसांचा आकडा सांगितला, पैसे पुढे ठेवले आणि आता बोलण्याची पाळी सरकारवर आणली. पैजेत गमतीचा भाग होता, पण ती हरण्याची भीती टिळकांना नसून सरकारला होती. पाच हजार माणसे हवी असतील तर हिंदी माणसाला इंग्रजाच्या बरोबरीने बसवावे लागणार होते, आणि तसे करायचे नसेल तर माणसांची गरज एवढी निकडीची नाही हे उघड होणार होते.

गांधींनी धनादेश परत केला. मदत हा सौदा होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती प्रामाणिक होती व त्यांनी तिची किंमतही मोजली. त्या उन्हाळ्यात ते खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडले. काही महिन्यांपूर्वी साराबंदीच्या लढ्यात ज्या लोकांनी त्यांना गाड्या व जेवण दिले होते, त्यांनी भरतीच्या कामाला बैलगाडीही भाड्याने दिली नाही. अहिंसा सांगणारा माणूस हत्यार घ्यायला का सांगतो, असे लोक विचारीत. रिक्रूट थोडे मिळाले आणि गांधी आमांशाने गंभीर आजारी पडले. टिळकांना मात्र आपले पाच हजार जमवून दाखवण्याची वेळच आली नाही. ते जमले असते की नाही, याचा निर्णय त्यामुळे राहून गेला. संरक्षण दलाच्या वेळचा पुण्याचा अनुभव पाहता, हे पाच हजार पेठांपेक्षा सुप्यासारख्या गावांतूनच उभे करावे लागले असते.

भाषणबंदी आणि अखेरचा काळ

ऑगस्ट १९१८ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली टिळकांवर हुकूम बजावण्यात आला. जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय जाहीर भाषण करण्यास त्यांना मनाई झाली. यामुळे भरतीसाठी सभा घ्यायची तरी टिळकांना सरकारची परवानगी काढावी लागणार होती. सप्टेंबरमध्ये ते व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यासाठी विलायतेस निघाले. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला आणि शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ पसरली. भीमथडी व इंदापूरकडील गावांना आघाडीवरील मृत्यूच्या तारा आणि घरातील मृत्यू यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागले. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले.

तोपर्यंत हिंदुस्थानातून सुमारे तेरा लक्ष माणसे युद्धसेवेत गेली होती. त्या बदल्यात १९१९ मध्ये रौलट कायदा आला. अधिकारपदांच्या बाबतीत हालचाल झाली, ती अगदी तुटपुंजी. १९१७ मध्ये नऊ हिंदी अधिकाऱ्यांना बादशाही सनदा जाहीर झाल्या. पुढच्या वर्षी सँडहर्स्टमध्ये दरसाल दहा जागा ठेवण्यात आल्या आणि इंदूरच्या डेली महाविद्यालयात तात्पुरता वर्ग निघाला. पुढे भारताचे पहिले हिंदी सरसेनापती झालेले करिअप्पा याच वर्गातून १९१९ च्या अखेरीस अधिकारी झाले.

चिरोल खटला टिळक फेब्रुवारी १९१९ मध्ये हरले. त्याच्या खर्चाने ते मोठ्या आर्थिक अडचणीत आले आणि लोकवर्गणीतून निधी जमवावा लागला. नोव्हेंबर १९१९ मध्ये ते स्वदेशी परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात त्यांचे निधन झाले. खेड्यातील कटु अनुभवानंतर गांधींनी असहकाराचा जो मार्ग निवडला, त्या चळवळीचा आरंभ ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी झाला. युद्धासाठी उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू होण्यास १९३२ साल उजाडले.